फळ आईचं, बी दोघांचं

पिवळ्या टोमॅटोच्या फुलावर लाल टोमॅटोचे पराग लावले, फळ धरलं, वाढलं, पिकलं आणि निघालं पिवळंधमक. संकर फसला असं समजून हे फळ टाकून देणारे पुष्कळ असतात. खरं तर फसलेलं काहीच नसतं. फळाचा गर, साल, देठ हा सगळा आईच्या शरीराचा भाग, त्यात बापाचा काडीचाही वाटा नाही. बाप आहे तो आतल्या बियांमध्ये, आणि तिथेही वरच्या टरफलात नाही, आतल्या भ्रूणात. त्या बिया पेरा, रोपं वाढवा, त्यांना फळं येऊ द्या. ती सगळी लाल निघतील. लाल रंग त्या पिवळ्या फळात होताच, फक्त त्याच्या दिसण्याची जागा पुढच्या पिढीत होती.

संकराबद्दलचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. गुण प्रभावी (एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा) आहे की अप्रभावी (दोघांकडून आला तरच दिसणारा), हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की तो कोणत्या अवयवात दिसतो आणि तो अवयव कोणत्या पिढीचा आहे. हे पक्कं असेल तर पुढची सगळी आकडेमोड सोपी जाते. ते चुकलं तर मोजणी कितीही काटेकोर करा, उत्तर एक पिढी मागे किंवा पुढे पडतं.

एका बीत दोन पिढ्या नांदतात. टरफल आईचं. आतला भ्रूण आईबापांचा निम्मा-निम्मा. आणि मका, गहू, भात यांच्या दाण्यात जो पिठाचा भाग असतो, तो भ्रूणपोष, त्यात आईचे दोन हिस्से आणि बापाचा एक. परागनलिकेतून दोन नरपेशी आत जातात. एक अंडपेशीशी जुळते आणि भ्रूण तयार होतो, दुसरी मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांशी जुळते आणि भ्रूणपोष तयार होतो. म्हणून पांढऱ्या दाण्यांच्या मक्यावर पिवळ्या मक्याचे पराग पडले की त्याच हंगामात, त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात. गोड मक्याशेजारी साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला तर गोड मक्याचे दाणे त्याच वर्षी पिठूळ होतात, तेही याच कारणानं. दोघांच्या फुलोऱ्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतात ते म्हणूनच. भोपळा-काकडीचं तसं नाही. शेजारच्या वेलाचे पराग आले म्हणून यंदाच्या फळाची चव बिघडत नाही. बिघडेल ती त्याच फळाचं बी पुढच्या वर्षी लावलं तर.

हे सगळं एकाच झाडावर बघायचं असेल तर वाटाण्यासारखं झाड नाही. ग्रेगोर मेंडेलनं ब्रनो इथे आपलं काम १८६५ मध्ये वाचून दाखवलं आणि १८६६ मध्ये ते छापून आलं, तेव्हाही त्याच्या हाताशी वाटाणाच होता. वाटाण्याची बीजदलं पिवळी की हिरवी, दाणा गोल की सुरकुतलेला, हे भ्रूणाचे गुण. हिरव्या दाण्याच्या झाडावर पिवळ्याचे पराग लावले तर त्याच शेंगेत पिवळे दाणे मिळतात, थांबावं लागत नाही. टरफलाचा रंग मात्र आईचा. जांभळ्या फुलांच्या वाटाण्याचं टरफल करडं-तपकिरी असतं, पांढऱ्या फुलांच्या वाटाण्याचं बिनरंगी. पांढऱ्या आईवर जांभळ्याचे पराग लावले तरी शेंगेतल्या दाण्यांचं टरफल बिनरंगीच राहतं. ते दाणे पेरून आलेली झाडं सगळी जांभळ्या फुलांची, आणि त्यांच्यावरचे सगळे दाणे करड्या टरफलाचे, जरी त्या दाण्यांच्या आतले भ्रूण आधीच तीनास एक असे वाटले गेलेले असले तरी. तो वाटा दिसायला तेही दाणे पेरून त्यांना फुलं येईपर्यंत थांबावं लागतं.

मेंडेलच्या आकड्यांतही हा फरक स्पष्ट आहे. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांची मोजणी त्यानं २५३ संकरित झाडांवरच केली, ७३२४ दाणे: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. पुढची पिढी पेरायचीही गरज पडली नाही. उंच आणि बुटक्या झाडांसाठी मात्र झाडंच वाढवावी लागली. तिथे एकूण १०६४ झाडं, ७८७ उंच आणि २७७ बुटकी. नव्यानं शिकणाऱ्यानं म्हणूनच दाण्याच्या गुणापासून सुरुवात करावी. चार हात जागेत हजार दाणे मोजता येतात, चार हात जागेत हजार झाडं मावत नाहीत.

संकर प्रत्यक्ष करताना

कळी निवडणं हीच मुख्य कसोटी. वाटाण्याचे परागकोश फूल उमलायच्या सुमारे एक दिवस आधी, कळीतच फुटतात. त्यामुळे उमललेलं फूल आई म्हणून घेतलं तर ते आधीच स्वतःचं स्वतः फळलेलं असतं. पाकळ्या हिरव्या निदलांच्या वर जेमतेम डोकावत असतील, अशी कळी घ्यावी. मोठी पाकळी मागे सारावी, बाजूच्या दोन पंखांसारख्या पाकळ्या उघडाव्यात, मधली होडीसारखी पाकळी चिमट्याच्या टोकानं चिरावी. आत दहा पुंकेसर असतात, नऊ जोडलेले आणि एक सुटा. दहाचे दहा मोजून काढावेत. एक राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. परागकोश पिवळे होऊन त्यातून धूळ सांडत असेल तर ती कळी सोडून द्यावी. मग ताज्या उमललेल्या फुलाचे पराग कुक्षीवर, तिच्या आतल्या केसाळ बाजूला लावावेत आणि पाकळ्या पुन्हा मिटवाव्यात, म्हणजे कुक्षी वाळत नाही. त्याच पेरावरच्या बाकीच्या कळ्या खुडून टाकाव्यात.

टोमॅटोत काम त्याहून सोपं. उद्या उमलेल अशी कळी हवी: पाकळ्या निदलांच्या बाहेर आलेल्या, हिरवट रंग जाऊन फिका पिवळा आलेला, पण अजून गडद नाही. परागकोशांचा मिळून एक शंकू असतो. त्याच्या कडेला चिमट्याचं टोक घालून शंकू पाकळ्यांसकट वर उचलला की मधला कुक्षीवृंत उघडा राहतो. घाई केली की तो मोडतो, आणि मोडला की फूल गेलं. पराग घ्यायचे ते पूर्ण उमललेल्या, गडद पिवळ्या फुलांतून. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश फुलाच्या देठाला टेकवला की काचेच्या पट्टीवर पांढरट भुकटी पडते, तीत कुक्षी बुडवायची. दोन निदलं कात्रीनं अर्धी कापून ठेवावीत. चिठ्ठी पडली-हरवली तरी फळ पिकेपर्यंत ही खूण राहते. फळ ४५ ते ६० दिवसांत पिकतं.

एका बापाकडून दुसऱ्याकडे जाताना चिमटा सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायचा, आणि पूर्ण वाळू द्यायचा. ओला चिमटा लावला तर अल्कोहोलनं नवे पराग तर मरतातच, कुक्षीही करपते. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर किंवा रात्रीचं १३ अंशांच्या खाली असेल तर टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. तिथे हाताला दोष देण्यात अर्थ नाही. टोमॅटोचे पराग कोरडे करून फ्रिजमध्ये काही दिवस टिकतात. गव्हाचे पराग अर्ध्या तासातच निकामी व्हायला लागतात, त्यामुळे तिथे बाप आईशेजारीच तयार असावा लागतो.

काळजी कितीही घ्या, काही फुलं आधीच स्वतःच्या परागांनी फळलेली असतात. ती ओळखायची एकच खात्रीची युक्ती आहे: आई अशी निवडायची की तिच्यात रोपपणीच दिसणारा एखादा अप्रभावी गुण असेल. हिरव्या खोडाची आई आणि जांभळट खोडाचा बाप घेतला तर खऱ्या संकराची रोपं उगवल्यावर थोड्याच दिवसांत जांभळट दिसतात, हिरवी राहतील ती आईची स्वतःची. बटाट्यासारख्या अखंड कडांचं पान असलेली टोमॅटोची आई आणि साध्या कातरलेल्या पानाचा बाप घेतला तरी तेच, फक्त तीन-चार पानं येईपर्यंत थांबावं लागतं. उलटी जोडी घेतली, म्हणजे प्रभावी गुण आईकडे ठेवला, तर खरी आणि खोटी रोपं एकसारखीच दिसतात आणि चूक दुसऱ्या पिढीत, सगळी जागा अडवून झाल्यावर उघडकीला येते.

पहिली पिढी, म्हणजे एफ-१, एकसारखी यायला हवी. आली नाही तर दोषी संकर नाही, आईबापांपैकी कुणीतरी शुद्ध नव्हतं. सफरचंदासारख्या झाडांत हा नियमच आहे: आईबाप दोघंही मिश्र असतात, म्हणून पहिल्याच पिढीत प्रत्येक रोप वेगळं निघतं, आणि चांगलं सापडलं की त्याचं कलमच करावं लागतं. वाटाणा, टोमॅटो, गहू यांसारख्या स्वपरागित पिकांत मात्र आईबाप निवडताना आधी दोन-तीन पिढ्या त्यांना स्वतःच्याच परागांवर फळू देऊन ते एकजिनसी आहेत हे बघून घेणं फायद्याचं.

प्रभावी म्हणजे ताकदवान नव्हे

या शब्दानं फार गैरसमज पसरवला आहे. प्रभावी जनुक अप्रभावीला दाबून टाकतं, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात दोन्ही आपापल्या जागी असतात. बहुतेक वेळा अप्रभावी म्हणजे काम न करणारी प्रत, आणि एक चालू प्रत असली तरी काम भागतं, एवढीच गोष्ट. सुरकुतलेल्या वाटाण्यात पिठाला फांद्या फोडणारं एक विकर तयार होत नाही, कारण त्याच्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा येऊन बसलेला आहे. पिष्ट कमी बनतं, साखर साठते, साखरेमुळे दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आक्रसून सुरकुततो. एक चालू प्रत असलेला दाणा बाहेरून गोलच दिसतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पिष्टकण पाहिले तर ते दोन्ही आईबापांच्या मधले निघतात. म्हणजे तोच दाणा डोळ्यांनी पाहिला तर पूर्ण प्रभाविता, भिंगातून पाहिला तर अर्धी.

बुटकेपणाचं उदाहरण याहून बोलकं. मेंडेलचा बुटका वाटाणा अप्रभावी, कारण त्यात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार करणारी शेवटची पायरी अडते. एक चांगली प्रत मिळाली की संप्रेरक बनतं आणि झाड उंच होतं. भाताच्या आयआर-८ या १९६६ च्या वाणातला बुटकेपणाही असाच, संप्रेरक कमी पडल्यामुळे, आणि तोही अप्रभावी. पण नोरिन-१० या जपानी गव्हातून जगभर पसरलेला बुटकेपणा निराळा. तिथे संप्रेरक भरपूर असतं. वाढीला ब्रेक लावणारं एक प्रथिन बदललेलं असतं, ते संप्रेरकाचं ऐकतच नाही. ब्रेकची एक प्रत जरी अशी बहिरी झाली तरी वाढ रोखली जाते, म्हणून हा गुण संकरातही बराचसा दिसतो. तेव्हा "बुटकेपणा प्रभावी का?" या प्रश्नाला उत्तर नाही, कोणता बुटकेपणा, हे आधी सांगावं लागतं. उपयोगाच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. गव्हात पहिल्याच पिढीत फरक नजरेत भरतो, भातात दुसऱ्या पिढीची वाट पाहावी लागते.

गुलबक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांचा संकर गुलाबी येतो, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याचा व्यवहारातला फायदा कमी जणांना सांगितला जातो. अशा गुणात एफ-२ मधली मिश्र झाडं डोळ्यांनीच वेगळी काढता येतात, लाल एक, गुलाबी दोन, पांढरं एक. शुद्ध कोण हे शोधायला आणखी एक पिढी घालवावी लागत नाही.

दुसऱ्या पिढीत किती झाडं लावायची

एफ-१ झाडं स्वतःवरच फळू द्यायची आणि त्यांचं बी पेरायचं, ती एफ-२. खरा हिशेब इथे. आपल्याला हवा तो गुण एका अप्रभावी जनुकाचा असेल तर चारांत एक झाड अपेक्षित असतं. पण म्हणून चारच झाडं लावून भागत नाही. त्यात ते एकही नसण्याची शक्यता जवळजवळ ३२ टक्के असते. किमान एक तरी मिळेल अशी ९५ टक्के खात्री हवी तर ११ झाडं, ९९ टक्के हवी तर १७. दोन अप्रभावी गुण एकत्र हवे असतील तर सोळांत एक, आणि ९५ टक्क्यांसाठी ४७ झाडं. तीन हवे असतील तर चौसष्टांत एक, १९१ झाडं. ही झाडं काढणीपर्यंत जगलेली धरायची. उगवण आणि मर यांची भर वेगळी. एका संकरात सात-आठ गुण एकत्र आणायचा बेत आखणाऱ्यांनी हा हिशेब आधी कागदावर करून बघावा. बहुतेकांच्या जागेत एका वेळी दोन-तीन गुणच बसतात, आणि तेवढेच घेऊन नीट केलेलं काम मला जास्त पटतं.

आलेलं प्रमाण ३:१ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. समजा जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या संकरात एफ-१ सगळी जांभळी आली आणि एफ-२ मध्ये ८० झाडांपैकी ५२ जांभळी, २८ पांढरी निघाली. ३:१ प्रमाणे ६० आणि २० हवी होती. फरक ८ चा. त्याचा वर्ग ६४. ६४ ला ६० नं भागलं की १.०७, २० नं भागलं की ३.२, बेरीज ४.२७. दोनच गट असताना ही बेरीज ३.८४ च्या वर गेली तर "निव्वळ योगायोग" म्हणणं अवघड होतं. आता ९:७ लावून बघू. अपेक्षा ४५ आणि ३५, फरक ७, वर्ग ४९. १.०९ अधिक १.४ म्हणजे २.४९. हे ३.८४ च्या आत बसतं. हीच ती काय-वर्ग चाचणी, तिला कागद-पेन्सिल पुरते.

९:७ म्हणजे रंगाच्या वाटेवर दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि दोन्ही चालू असतील तरच रंग उतरतो. कोणतीही एक बंद पडली की फूल पांढरं. विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी स्वीट पी या वाटाण्याच्या कुळातल्या शोभेच्या फुलझाडाच्या दोन पांढऱ्या जातींचा संकर केला तेव्हा पहिली पिढी सगळी जांभळी आली, ती याच कारणानं: एकीची पहिली पायरी बंद होती, दुसरीची दुसरी.

मात्र ८० झाडांवर ९:७ जाहीर करून मोकळं होऊ नये. आकडा बसला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, एवढंच की तो नाकारता आला नाही. पक्कं करायचं तर एफ-१ चा संकर पुन्हा त्या पांढऱ्या पालकाशी करायचा. एकच जनुक असेल तर निम्मी जांभळी, निम्मी पांढरी येतील. दोन असतील आणि पांढऱ्या पालकात दोन्ही बंद असतील तर जांभळी फक्त पाव. चाळीस झाडांत २०:२० आणि १०:३० यांतला फरक दिसायला फारसं गणित लागत नाही. वेगवेगळ्या प्रमाणांत वाद असेल तेव्हा एफ-२ दुप्पट करण्यापेक्षा हा चाचणी संकर जास्त स्वस्तात उत्तर देतो.

आणि मोजताना मेलेली, खुरटलेली, उगवलीच नाहीत अशी सगळी नोंद वेगळी ठेवावी. बिनरंगी रोपं अशक्त असली आणि त्यातली काही पहिल्या आठवड्यात गेली, तर उरलेल्यांचं प्रमाण बिघडलेलं दिसणारच. विरळणी करताना लहान रोपं उपटणाऱ्याच्या हातून बुटकी झाडं नेमकी अशीच नाहीशी होतात. विरळणी करायचीच असेल तर ओळीतलं दर दुसरं रोप काढावं, कसं का दिसेना.

दिसायला प्रभावी असलेल्या एफ-२ झाडांत एक-तृतीयांश शुद्ध आणि दोन-तृतीयांश मिश्र असतात. ओळखायचं कसं? प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून, वेगळ्या ओळीत पेरून. एका ओळीत दहा झाडं लावली तर मिश्र झाडाच्या पोटी एकही अप्रभावी न निघण्याची शक्यता ५.६ टक्के राहते, म्हणजे वीस मिश्र झाडांमागे एखादं शुद्ध म्हणून खपून जातं. सोळा लावली तर ती एका टक्क्यावर येते. एफ-२ चं बी एकत्र पोत्यात ओतलं की ही संधी कायमची गेली.

एकमेकांना चिकटलेले गुण

सगळे गुण मोकळेपणानं वेगळे होतात असं नाही. स्वीट पीमध्येच बेटसन आणि पनेट यांना जांभळं फूल आणि लांब परागकण हे गुण सोबत चाललेले दिसले. ६९५२ झाडांत ४८३१ जांभळी-लांब, ३९० जांभळी-गोल, ३९३ लाल-लांब आणि १३३८ लाल-गोल. मोकळेपणानं वाटणी झाली असती तर मधले दोन्ही गट तेराशेच्या आसपास असते आणि शेवटचा साडेचारशेच्या आत. दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळ बसलेली असली की असं होतं.

याचा त्रास होतो तो हवे असलेले दोन अप्रभावी गुण वेगवेगळ्या पालकांत असतात तेव्हा. समजा त्यांची अदलाबदल १० टक्के होते, म्हणजे शंभरातल्या दहा जननपेशींत पालकांकडून आलेली जोडी मोडून नवी बनते. मग दोन्ही गुण एकत्र असलेली जननपेशी शंभरात फक्त पाच, आणि तशा दोन पेशी एकत्र येऊन झालेलं झाड ४०० त एक. मोकळी जनुकं असती तर सोळांत एक मिळालं असतं. चारशे झाडांची जागा नसेल तर वाट वाकडी करावी. एफ-२ मध्ये पहिला अप्रभावी गुण दाखवणारी सगळी झाडं ठेवायची. ती पाव भाग असतात. दुसरा गुण त्यांच्यात दिसत नाही, पण त्यातली सुमारे १८ टक्के झाडं तो लपवून असतात. अशी वीस-पंचवीस झाडं घेऊन प्रत्येकीच्या ओळी लावल्या तर तीन-चार ओळींत एफ-३ मध्ये चारांत एक झाड दोन्ही गुणांचं निघतं. एक हंगाम जास्त जातो, पण जागा एका वेळी फार लागत नाही.

मोजता येतात पण वेगळे काढता येत नाहीत

फळाचं वजन, उत्पन्न, पक्व होण्याचे दिवस यांत "हा गट, तो गट" असं काही नसतं. स्वीडनमध्ये हेर्मान निल्सन-एहले यानं १९०९ मध्ये गव्हाच्या दाण्याच्या लाल रंगावर दाखवलं की एका संकरात ६३ लाल आणि १ पांढरा असं प्रमाण येतं: तीन जनुकं, प्रत्येक थोडा थोडा रंग भरणारं. लाल दाण्यांत गडदपासून फिक्यापर्यंत छटा. जनुकं आणखी वाढली आणि वर हवामानाची भर पडली की छटांमधल्या सीमा पुसल्या जातात. नियम मेंडेलचेच, फक्त गट मोजता येत नाहीत.

इथे एका झाडावर विश्वास ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. एफ-२ मधलं सर्वांत मोठ्या फळाचं झाड चांगल्या जनुकांमुळे मोठं की ओळीच्या टोकाला उजेड आणि खत जास्त मिळालं म्हणून? अंदाज घ्यायचा तर दोन्ही पालक आणि एफ-१ एफ-२ मध्येच ठिकठिकाणी लावावेत. या तिघांच्या आत झाडाझाडांत जो फरक पडतो तो निव्वळ परिस्थितीचा, कारण त्या प्रत्येकातली सगळी झाडं जनुकांनी सारखी. समजा तिथलं प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) १६ आलं आणि एफ-२ चं ४०. मग ४० मधले २४, म्हणजे ६० टक्के, जनुकांचे. त्यातलाही सगळा भाग पुढच्या पिढीत उतरत नाही, कारण काही परिणाम जनुकांच्या जोडीमुळे होतात आणि जोडी दर पिढीला मोडते. उतरणारा भाग ३० टक्के असेल, सरासरी फळ १०० ग्रॅमचं असेल आणि तुम्ही सरासरी १३० ग्रॅमची झाडं निवडली, तर पुढची पिढी १३० ची येणार नाही, १०९ च्या आसपास येईल. निवड फसली नाही, एवढंच मिळायचं होतं.

म्हणून एफ-२ मध्ये रंग, आकार, पानाची ठेवण, स्पष्ट दिसणारी रोगप्रतिकारशक्ती यांवर निवड करावी आणि उत्पन्नाची निवड एफ-४, एफ-५ मध्ये ओळींवर, एकाहून जास्त जागी लावून करावी. मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो: एफ-२ मध्ये ५० टक्के, एफ-३ मध्ये २५, एफ-४ मध्ये साडेबारा, एफ-६ मध्ये ३ च्या जवळ, एफ-८ मध्ये एका टक्क्याच्या आत. बाजारातल्या संकरित वाणाचं बी धरून सरळ वाण करायचा तर हीच शिडी चढावी लागते. एफ-१ चा जोम मात्र त्या शिडीवर टिकत नाही, जोड्या मोडतील तसा तो ओसरतो.

बटाट्यासारख्या, गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार संच असलेल्या पिकांना वरचे आकडे लावू नयेत. दोन चालू आणि दोन बंद प्रती असलेलं झाड स्वतःवर फळलं तर अप्रभावी रोप चारांत नव्हे, ३६ त एक मिळतं, आणि ९५ टक्के खात्रीला ११ ऐवजी १०७ झाडं लागतात.

जे फक्त आईकडून येतं

संकर लिहिताना आईचं नाव आधी लिहायची पद्धत आहे आणि ती पाळावी. हरितलवक आणि तंतुकणिका यांना स्वतःचा डीएनए असतो आणि बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो अंडपेशीतूनच पुढे जातो. कार्ल कॉरेन्सनं १९०९ मध्ये चट्टेपट्टे असलेल्या गुलबक्षीवर हे दाखवलं. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवी रोपं देतं, पांढऱ्या फांदीवरचं पांढरी, पराग कुठूनही आणा. जिरेनियममध्ये मात्र हरितलवकं दोन्हीकडून येऊ शकतात आणि पाइनमध्ये बापाकडून, त्यामुळे नव्या झाडात गृहीत धरू नये. संकर दोन्ही दिशांनी करून बघावा. आई-बाप उलटे केल्यावर एफ-१ वेगळी आली, तर कारण पेशीद्रवात, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरच्या भागात शोधायचं. फरक पुढच्या पिढीतच मिटला, तर तो बीमध्ये आईनं भरलेल्या शिदोरीचा होता.

हा वारसा हलका समजू नये. संकरित मक्याचं बी करताना तुरे खुडायचं काम वाचावं म्हणून अमेरिकेत एकाच प्रकारचा नर-वंध्य (झाडाला कामाचे पराग येऊ न देणारा) पेशीद्रव, ज्याला टी-पेशीद्रव म्हणतात, बहुसंख्य वाणांत घातला गेला. नर-वंध्यता आणणारं तंतुकणिकेतलं तेच जनुक एका बुरशीच्या विषाला झाडाला नाजूक करत होतं. १९७० मध्ये त्या बुरशीनं करपा पसरवला आणि देशाचं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक गेलं. केंद्रकातली जनुकं वाणावाणांत वेगळी होती. आई एकच होती.

परत परत एकाच पालकाकडे

चांगल्या वाणात एखादाच गुण आणायचा असेल, रोगप्रतिकार वगैरे, तर एफ-२ मध्ये शोधत बसण्यापेक्षा बॅकक्रॉस बरा. एफ-१ चा संकर पुन्हा चांगल्या वाणाशी, आलेल्यातल्या गुण असलेल्या झाडाचा पुन्हा त्याच वाणाशी. चांगल्या वाणाचा सरासरी हिस्सा ७५, ८७.५, ९३.७५, ९६.९ असा चढत सहाव्या वेळी ९९ टक्क्यांच्या वर जातो. गुण प्रभावी असेल तर दर वेळी निम्मी झाडं तो बाळगून असतात, म्हणून सात झाडं पुरतात. सातांत एकही नसण्याची शक्यता एका टक्क्याच्या आत. प्रत्यक्षात वीस-तीस लावावीत, म्हणजे गुण असलेल्यांतून चांगल्या वाणासारखं दिसणारं झाड निवडता येतं. पिढ्या वाचतात त्या याच निवडीनं.

गुण अप्रभावी असेल तर तो बॅकक्रॉसच्या पिढीत दिसतच नाही. तेव्हा प्रत्येक झाडाची काही फुलं चांगल्या वाणाशी संकरासाठी वापरायची आणि काही स्वतःवर फळू द्यायची, दोन्हीच्या चिठ्ठ्या वेगळ्या. स्वतःवर फळलेलं बी पेरून ज्याच्या पोटी अप्रभावी झाडं निघतील त्याच झाडाचा संकर पुढे न्यायचा, बाकीचे सोडायचे. हव्या जनुकाच्या दोन्ही बाजूंचा गुणसूत्राचा तुकडा सरासरीपेक्षा बराच जास्त काळ चिकटून राहतो, आणि त्यात एखादा नकोसा गुण असेल तर पाचव्या-सहाव्या वेळीही तो सोबत येतो. तो तोडायचा तर त्या एका पिढीत झाडांची संख्या वाढवून हवा तो गुण आहे पण नकोसा नाही असं झाड शोधावं लागतं. शेवटच्या बॅकक्रॉसनंतर झाड एकदा स्वतःवर फळू द्यायचं. गुण प्रभावी असेल तर आलेल्यातली गुण दाखवणारी झाडं ओळींनी तपासायची, ओळीमागे सोळा, आणि एकही फुटून न निघालेल्या ओळीचं बी ठेवायचं.